बांधात रोवलेलं फावडं

आम्ही युरोपला जाणार हे कळल्यावर माणिकपूरच्या आमच्या इमारतीत ज्याने त्याने एकच विचारलं: लिस्बन बघणार ना? वसईचा माणूस युरोपला निघाला की तो पोर्तुगालला जाणार, असं लोक धरूनच चालतात. वरच्या मजल्यावरच्या लोपीस अंकलनी तर तिथल्या एका चर्चमध्ये माझ्या नावाने मेणबत्ती लावा, असंही सांगून ठेवलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पोर्तुगाल आमच्या वाटेवर नाही. आम्ही हॉलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, झीलंड नावाच्या सपाट, चिखलाच्या मुलखात जाणार आहोत. आमची मुलगी प्राजक्ता तिथे नोकरीला आहे आणि राहायची सोय तिच्याकडेच होणार आहे. अंकल म्हणाले, "चिखल बघायला एवढ्या लांब? तुमच्या खारीत काय कमी आहे?"

कमी काहीच नव्हतं. उलट त्या खारीमुळेच हा प्रवास माझ्या जिवाला लागून राहिला होता, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

आमचं मूळ गाव वसईच्या खाडीकाठी. आमच्या पणजोबांच्या पिढीने खाडीच्या कडेने मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आतल्या जमिनीत भात पिकवलं. ती जमीन म्हणजे आमची खार. जमीन भावाभावांत वाटली गेली तसा बांधही वाटला गेला. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा बांधाचा वाटा. तेवढी माती त्याने स्वतः भरायची, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली बिळं त्याने बुजवायची. आता खारीत उरलो दोघेच. माझा चुलतभाऊ जनार्दन, ज्याला मी जनादादा म्हणतो, तो गावातच राहतो आणि पूर्ण वेळ शेती करतो. मी एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो आणि रविवारचा शेतकरी आहे.

आश्विनातल्या पौर्णिमेची भरती मोठी असते. तिला आम्ही उधाण म्हणतो. त्या वेळी भात कापणीला आलेलं असतं. उधाणात बांध फुटला तर उभं पीक जातंच, शिवाय मीठ मुरलेली जमीन पुढची दोन-तीन वर्षं नीट पिकत नाही. आणि प्राजक्ताची रजा, परवडणारं तिकीट आणि माझी सुट्टी या तिन्ही गोष्टी नेमक्या आश्विनातच जुळत होत्या.

जनादादाला हे सांगितलं तेव्हा तो विळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "जा की. पन तुझ्या वाट्याचं मी बगनार नाय. तू तुझं बगून जा." म्हणून जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी माझ्या वाट्याला जमेल तेवढी माती भरली आणि उधाणाच्या दिवसांत लक्ष ठेवायला शेजारच्या पाड्यावरचा एक मजूर ठरवला.

आणखी एक गोष्ट मी ठरवली होती. ती फक्त सुनंदाला, माझ्या बायकोला, माहीत होती. परत आल्यावर जनादादाला सांगायचं की माझा वाटा तूच घे, मला आता हे झेपत नाही.

आम्स्टरडॅम

पहिले दोन दिवस आम्स्टरडॅममध्ये काढले. प्राजक्ता तिथे आम्हाला घ्यायला आली होती. कालव्यांच्या काठची घरं मला फार आवडली, ती सुंदर आहेत म्हणून नाही, तर त्यांच्यात हिशेब दिसतो म्हणून. पुढून अरुंद, मागे खोल, आणि जिने इतके चिंचोळे की कपाटसुद्धा वर चढणार नाही. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढून तिला आकडा लावलेला आहे. त्या आकड्याला दोर बांधून माल वर ओढायचे. व्यापारी खाली राहायचा आणि त्याच्या डोक्यावर, माळ्यावर, मिरी आणि कापडाचे गठ्ठे राहायचे. ती मिरी आणि ते कापड आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून गेलेलं. सुनंदा वर बघून म्हणाली, "आपल्याकडे माळ्यावर नुसत्या जुन्या चटया असतात."

एका जुन्या वजनघरात आम्ही गेलो. लोण्याचा गोळा असो की चीजचं चाक, शहराच्या काट्यावर वजन केल्याशिवाय ते बाजारात विकता येत नसे. तिथल्या फलकावर लिहिलं होतं की इथल्या शेतकऱ्याने पुढे पुढे स्वतःसाठी धान्य पिकवणं कमी केलं. धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजाने येई, आणि त्याची गाय विकायचं लोणी देई. मी हे फलकावरून सांगतो आहे, स्वतः पडताळलेलं नाही. पण वाचताना मला आमची आजी आठवली. तिच्या परसातली राजेळी केळी मुंबईला जायची आणि घरात मात्र फुटकी-डागाळलेलीच खाल्ली जायची. विकायचं ते चांगलं आणि खायचं ते उरलेलं, हे तिकडेही तसंच होतं.

तिथेच रस्त्यावरच्या गाडीवर हेरिंग खाल्ला. हा मासा कच्चा असतो, मिठात मुरवलेला, वर बारीक चिरलेला कांदा. पावात घालून देतात. मी मासे खाणारा माणूस आहे, पण पहिला घास तोंडात फिरवताना डोळ्यांपुढे आमची मासळीवाली उभी राहिली. दुसऱ्या घासाला बरा लागला. सुनंदाने फक्त पाव आणि कांदा खाल्ला आणि जाहीर केलं की आपला सुका बोंबील यापेक्षा सुसंस्कृत आहे. प्राजक्ताने सांगितलं की या देशाचा पैसा आधी या माशातून आला आणि मग मिरीतून. मासा टिकवायला मीठ लागायचं. ते मीठ कुठून आणायचे, असं मी विचारलं. तिने फोनमध्ये बघून सांगितलं, फ्रान्सहून आणि पोर्तुगालहून.

लोपीस अंकलना सांगायला एवढं तरी मिळालं, असं मला वाटलं.

नेलाबाईंच्या घरी

प्राजक्ता कांदे निवडायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. झीलंडमध्ये कांदा इतका होतो, हे मला ठाऊक नव्हतं. शेताच्या कडेला कांद्यांचे ढीग बघून सुनंदाला लासलगाव आठवलं. शेड्समध्ये कांदा निवडायला पोलंडची माणसं होती, आणि त्यातला बराचसा माल आफ्रिकेला जातो. एके काळी याच मुलखातले शेतमजूर बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा अमेरिकेला गेले. आता बाहेरचे मजूर इथे येतात.

मुलगी राहते ते घर नेलाबाईंचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने रुंद, केस कापलेले. नवरा वारला आहे, मुलगा कॅनडात स्थायिक झाला आहे, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आहे. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येतं. अडलं की प्राजक्ता होतीच. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे दोघांचे वाढदिवस विचारले आणि संडासात जाऊन तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले. तिकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच लावतात. सुनंदाला हे मुळीच पटलं नाही. मला पटलं. रोज नजरेखालून जाणारी जागा तीच.

जेवणाची वेळ सहाची. उकडलेले बटाटे, गाजर, मांसाचा एक तुकडा. कॉफीबरोबर मात्र नेलाबाई तपकिरी, चिकट, दालचिनी लावून वळलेली गोड पोळी देत. तिला बोलुस म्हणतात. ती मी बोटं चाटून खाल्ली. त्यावर नेलाबाईंनीच सांगितलं की इतकी साखर झीलंडमध्ये आली ती काही पुण्याईने आली नाही. इथल्या बंदरांतून आफ्रिकेला जहाजं जात, तिथून माणसं भरून अमेरिकेत विकत, आणि तीच माणसं उसाच्या मळ्यांत राबत. "माझ्या शाळेत हे कोणी शिकवलं नाही. माझ्या नातवाला शिकवतात," असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा बोलुसची ताटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बांध दाखवायला नेलं. मी खारीतला माणूस आहे हे कळल्यावर त्यांना पाहुण्याचं काय करायचं हा प्रश्नच उरला नव्हता. त्यांच्याकडे बांधांच्या तीन रांगा आहेत. समुद्राला लागून असलेल्याला 'जागता' म्हणतात, त्याच्या मागच्या जुन्याला 'झोपलेला' आणि त्याहून मागच्याला 'स्वप्न बघणारा'. पहिला फुटला तर दुसऱ्याने उठायचं. दर पिढीने पुढे सरकून नवा बांध घातला की आधीचा झोपायला मोकळा. शहरातल्या व्यापाऱ्यांनी मिरी-मसाल्यातून मिळवलेला पैसा पुढे अशा जमिनी समुद्रातून काढण्यातही गुंतवला. म्हणून शेतं पट्टीने आखल्यासारखी चौकोनी आहेत.

आमचा बांध एकच आहे, आणि त्याला झोपायची परवानगी नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

मग त्यांनी बांधाच्या आत एक खड्ड्याखड्ड्यांची, ओबडधोबड जागा दाखवली. तिथे गाई चरत होत्या. पूर्वी इथे मीठ काढायचे, त्या म्हणाल्या. मला पटेना. मिठागरं मी लहानपणापासून बघतो आहे. त्यांना सपाट कप्पे लागतात आणि ऊन लागतं. तिथे आमच्या श्रावणासारखं आभाळ. त्यांनी सांगितलं ते असं: ऊन नाही म्हणून या लोकांनी समुद्राने भिजलेला जमिनीखालचा काळा, जळाऊ थर खणून काढला, वाळवला, जाळला आणि ती राख पाण्यात उकळून मीठ केलं. मीठ विकलं गेलं. जमीन मात्र खाली बसली. मग एका वादळात समुद्र आत आला आणि गावंच्या गावं कायमची पाण्याखाली गेली. त्यानंतर मीठ बाहेरून आणू लागले.

 आमच्याकडे उलटं चाललं आहे. खाडीच्या सखल जमिनीवर डंपरने लाल मातीचा भराव टाकतात आणि वर इमारती उभ्या करतात. मग पावसात आचोळ्याला माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत पाणी शिरतं, कारण ते साठायची जागा भरून टाकलेली असते. त्यांनी जमीन खाली नेली, आम्ही वर नेली, आणि पाणी दोन्हीकडे आलं.

दशमी

आता माझी फजिती सांगतो.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ किंवा तक्ता लागत नाही. तिथी माहीत असली की पुरे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरेल ते कळतं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हे गणित मला बापाने शिकवलं आणि ते कधी फारसं चुकलेलं पाहिलं नाही. दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी एकटाच बांध ओलांडून पलीकडच्या गवताळ चिखलात उतरलो. दशमी होती. साडेसातची भरती, म्हणजे ओहोटी आता निम्मी झाली असणार. पाणी लांब होतं. मला फक्त त्यांच्या चिखलात चिंबोऱ्या कशा आहेत ते बघायचं होतं.

त्या बारीक होत्या, आमच्याकडच्या पोरांनीही घरी नेल्या नसत्या. त्यांच्या मागे मी एक ओहळ ओलांडून पुढे गेलो. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर ओहळात पाणी होतं. मी ते ओहोटीचं उरलेलं पाणी समजलो. मग पाहिलं की एक गवताची काडी त्यातून किनाऱ्याच्या दिशेने चालली आहे. पाणी आत येत होतं.

मी घाईने परत फिरलो. ओहळात उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि बर्फासारखं थंड. एक बूट चिखलाने धरून ठेवला, तो तिथेच राहिला. बांधावर सायकल आडवी टाकून नेलाबाई उभ्या होत्या. त्यांनी हात देऊन मला वर घेतलं, माझ्या एका बुटाकडे पाहिलं आणि मी कोणता तक्ता वाचला होता ते विचारलं.

घरी आल्यावर मी पाऊणपटीचं गणित मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी त्यांच्या बंदराचा छापील तक्ता पुढे ठेवला. चंद्र एकच आहे, पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला वेगळ्या वेळी पोचते. त्यांच्याकडे ती आमच्या गणितापेक्षा जवळजवळ पाच तास उशिरा येत होती. म्हणजे बापाचं गणित खोटं नव्हतं, ते वसईचं होतं.

"माझा नवरासुद्धा परगावी गेला की असाच सगळ्यांना शिकवायचा," नेलाबाई सुनंदाला म्हणाल्या.

"आमचे हे घरीही शिकवतात," सुनंदा म्हणाली.

कोजागिरीपर्यंत

पाय शेकत बसलो असताना मी त्यांना आमच्या बांधाच्या वाट्यांची पद्धत सांगितली. त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. अगदी हेच इथे होतं, त्या म्हणाल्या. प्रत्येक शेतकऱ्याला जमिनीप्रमाणे बांधाचा तुकडा नेमून दिलेला असे. मग काहीशे वर्षांपूर्वी हळूहळू ते बदललं. लोकांनी मातीऐवजी कर द्यायला सुरुवात केली, आणि त्या पैशांतून मजूर लावून सगळा बांध एकत्र राखला जाऊ लागला. बांध अधिक पक्का झाला, हे खरंच आहे. पण ज्याच्याकडे कर भरायला पैसा नव्हता तो शेतकरी दुसऱ्याच्या बांधावर मजूर झाला. मोठ्यांची शेतं मोठी झाली. आजही पाण्याचं मंडळ आहे, त्याची निवडणूक होते, आणि त्या अजून मत द्यायला जातात. १९५३च्या हिवाळ्यात पाणी आत शिरलं तेव्हा त्या लहान होत्या, आणि त्यांच्या आईने त्यांना माळ्यावर चढवलं होतं. 

मी म्हणालो की मीही तेच केलं आहे, मजूर ठेवून आलो आहे. आणि पुढे, कसं कोण जाणे, परक्या बाईंसमोर मी तेही बोलून गेलो, की परत गेल्यावर वाटा भावाला देऊन टाकायचा विचार आहे. प्राजक्ताने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं.

 नेलाबाईंनी तेव्हा एक जुना रिवाज सांगितला. ज्याला आपला तुकडा राखणं झेपत नसे, तो आपलं फावडं बांधात रोवून निघून जाई. कागद नाही, साक्षीदार नाही. रोवलेलं फावडं म्हणजे मी सोडलं. आणि जो कोणी ते उपटे, जमीन त्याची. "फक्त जमीन नाही," त्या म्हणाल्या. "बांधही त्याचाच. सगळं ओझं त्याचं."

प्राजक्ताने हे मराठीत सांगून संपवलं आणि मला माझं फावडं आठवलं. त्या शेवटच्या रविवारी मी माती भरत असताना व्हिसाचं बघणाऱ्या एजंटचा फोन आला होता. मी घाईने निघालो, आणि सकाळी येऊन नेऊ म्हणून फावडं तिथेच, माझ्या वाट्यावर, बांधात रोवून ठेवलं. सकाळी जाणं काही झालं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा तिघीही हसल्या. मीही हसलो. पण जनादादा त्या बांधावरून रोज जातो. त्याने ते फावडं बघितलंच असणार. रिवाज त्याला माहीत नाही. पण त्याला काय वाटलं असेल, हे कळायला रिवाज कशाला लागतो?

कोजागिरीला संध्याकाळी आम्ही नेलाबाईंच्या अंगणात दूध आटवलं. जायफळ सुनंदाने नेलंच होतं. चंद्र ढगातून अर्धाच दिसला. नेलाबाईंनी कप रिकामा करून विचारलं की हे तुम्ही वर्षातून एकदाच का करता.

उधाणाचे दिवस

वसईची दुपारची भरती म्हणजे तिथली सकाळची न्याहारी. दुसऱ्या दिवशी सकाळी, पौर्णिमा अजून सरली नव्हती तेव्हा, मी पावाला लोणी लावून तो तसाच ठेवला आणि मजुराला फोन केला. फोन बंद. जनादादाला केला, तो उचलेना. शेवटी वहिनीला केला.

"तुमचा मानूस नाय आला, भाऊजी," ती म्हणाली. "गावाला गेलाय म्हनं."

"दादा कुठे आहे?"

"बांधावं. पहाटंच गेलेत. फोन हितंच ऱ्हायलाय, आत्ता बगितला."

 पाणी किती आलं आहे, असं मी विचारलं. तिला घरातून दिसत नव्हतं. वारा लय हाय, एवढं ती म्हणाली.

मी आजवर अनेक आकड्यांची काळजी केली आहे, पण त्या सकाळसारखा हात रिकामा कधी वाटला नव्हता. तीन बांधांच्या मागे, उबदार स्वयंपाकघरात मी बसलो होतो आणि माझा वाटा तिकडे उघडा होता. बांध जिथे कच्चा तिथेच फुटतो, आणि तो कच्चा माझ्याकडेच होता. एका माणसाने मजूर ठेवून जायचं आणि दुसऱ्याचं पीक बुडायचं. नेलाबाईंनी कॉफी पुन्हा भरली. प्राजक्ता ऑफिसला उशिरा गेली. सुनंदा मात्र मनातलं बोललीच: "वाटा देऊन टाकायचा होता ना? मग आता एवढं काय?"

मी पुन्हा मजुराला फोन लावला. तो अजून बंदच होता.

पौर्णिमेनंतरचे दोन दिवस पाणी अजून चढतं. ते दोन्ही दिवस असेच गेले. वहिनीचं उत्तर तेच, ते बांधावं हायेत. तिसऱ्या सकाळी फोन वाजला तो जनादादाचा. त्याने आधी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. मग पोरगी बरी आहे का. मग जेवायला काय देतात. मी बटाटे म्हणालो. शेवटी मलाच राहवलं नाही आणि मी बांधाचं विचारलं.

"पानी कडंला लागलं व्हतं," तो म्हणाला. "आता उतरलं. भात उभं हाय. तू जेव."

आणि त्याने फोन ठेवला.

मी टेबलाशी बसलो आणि दोन बोलुस खाल्ले. काय झालं ते नेलाबाई न विचारताच समजल्या. त्यांनी उठून खिडकी उघडली, बाहेर ऊन पडलं होतं. त्या दिवशी आम्ही सगळे जवळच्या गावातलं संग्रहालय बघायला गेलो. तिथे मंजिष्ठेचं मूळ ठेवलं होतं. या शेतांत एके काळी ती लाल रंगासाठी पिकवत आणि गावोगावच्या भट्ट्यांत वाळवत. मग कारखान्यात कृत्रिम रंग बनला आणि काही वर्षांत हे पीक बसलं. भट्ट्या ओस पडल्या, शेतांत बीट आलं, मग कांदा. मी ते मूळ निवांत बघितलं. आधीच्या दिवसांत मी काहीच निवांत बघितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. सुनंदा मध्येच मला म्हणाली, "विचारलंत का त्यांना? फावडं उपटलं का ते?"

विचारलं नव्हतं. फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हती.

परत

निघताना नेलाबाईंनी मला एक बूट दिला. ओहळातला नव्हे, तो समुद्राने घेतला. त्यांच्या नवऱ्याचे रबरी बूट होते, त्यांतला एक माझ्या पायाला बसला. मग म्हणाल्या, "दोन्ही घेऊन जा. एक बूट कोण वापरतं?" लोपीस अंकलसाठी मेणबत्ती मी लावू शकलो नव्हतो, म्हणून पोर्तुगालच्या मिठाची एक पुडी विमानतळावर घेतली.

वसईला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते रबरी बूट घालून खारीत गेलो. भात पिवळं होऊन वाकलं होतं. एका कोपऱ्यात कापणी सुरू झाली होती. बांधावर चढलो तर लांबूनच दिसलं. फावडं होतं. जिथे मी रोवलं होतं तिथेच, माझ्या वाट्यावर, सरळ उभं.

एक क्षण वाटलं, त्याने हातसुद्धा लावला नाही. मग जवळ गेलो. फावड्याच्या पात्याला वरपर्यंत नवा चिखल लागून वाळला होता. फावड्यापासून दोन हात अंतरावर, बांधाच्या खाडीकडच्या अंगाला, नवी माती घट्ट चोपून बसवलेली होती. बाकी बांध उन्हाने पांढुरका झाला होता, तेवढाच भाग काळा. मोठं भगदाड असणार ते. माझ्या वाट्यातच.

जनादादा विळा घेऊन खालून आला. बुटांकडे बघत म्हणाला, "हे काय, फौजेत गेलास?"

मी त्या काळ्या मातीकडे बोट दाखवलं. चिंबोरीने पोखरलं होतं, तो म्हणाला. पाणी कडेला लागल्यावर आतून झिरपायला लागलं. त्याचं स्वतःचं फावडं त्याच्या वाट्यावर, पार दुसऱ्या टोकाला होतं, आणायला वेळ नव्हता. "तुझं हितं उभंच व्हतं. उपटलं नि भरलं."

"मग परत इथेच का रोवलंस?"

"जितं व्हतं तितं ठेवलं. तुझं हाय, तुझ्या वाट्यावं हाय. मी घरी कशाला नेऊ?"

मी त्याला नेलाबाईंचा रिवाज सांगितला. सगळा, शेवटच्या ओझ्यापर्यंत. तो बांधावर बसून ऐकत राहिला. मग विळ्याच्या टोकाने नखातला चिखल काढत म्हणाला, "म्हंजे मी उपटलं तवा तुझी जमीन माझी झाली."

"त्यांच्या हिशेबाने झाली."

"नि परत रोवलं तवा?"

हे मी नेलाबाईंना विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मंग इचारून घे," तो उठत म्हणाला. "तवर त्या पल्याडचं बीळ भर. ते मी मुद्दाम ठेवलंय तुझ्यासाठी."

तो कापणीकडे गेला. जे बोलायचं ठरवून मी प्रवासाला निघालो होतो ते, वाटा देऊन टाकायचं, मी त्याच्याशी बोललोच नाही. मी फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उपटलं. त्याने बरंच खोल रोवलं होतं.